ओढ्यांचा नकाशा आधी, रस्त्यांचा नंतर

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विषय : पुणे शहरातील पूर आणि नव्या गावांचे नियोजन

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाई किती टक्के झाली याच्या बातम्या सुरू होतात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर कोणत्या चौकात किती पाणी साचले याची छायाचित्रे छापून येतात. या दोन्हींच्या मध्ये एक प्रश्न दरवर्षी तसाच राहतो. पुण्यासारख्या झपाट्याने पसरणाऱ्या शहरात पाण्याला जायला जागा ठेवायची कोणी आणि कधी, हा तो प्रश्न. मी अनेक वर्षे जमीन मोजणीचे काम केले, आता निवृत्त आहे, आणि कात्रजच्या डोंगरातून येऊन मुठा नदीला मिळणाऱ्या आंबील ओढ्यापासून दीडशे पावलांवर राहतो. या दोन्ही नात्यांनी मला जे दिसले आणि कळले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र काहीशा विस्ताराने लिहीत आहे.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र या परिसरातील कोणीही विसरलेले नाही. संध्याकाळपासून कात्रजच्या डोंगरावर आणि दक्षिण पुण्यात पाऊस कोसळत होता. आमच्या इमारतीच्या आवारात पाणी शिरले तेव्हा ते घोट्याएवढे होते. वाहने बाहेर काढावीत की नाही याची चर्चा होईपर्यंत ते कमरेला लागले. अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली, ठिकठिकाणी मोटारी एकमेकींवर चढल्या, गोठ्यांतील जनावरे दावणीलाच बुडाली. शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक लोकांचे प्राण त्या पुराने घेतले. सुमारे एक वर्ष आधी, २७ सप्टेंबर २०१८ रोजी, मुठा उजवा कालवा फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतील संसार वाहून गेले होते. ती घरे जेमतेम सावरत होती, तोच ओढा आला.

आमच्या सोसायटीने त्याआधी काही वर्षे ओढ्याच्या बाजूला उंच सीमाभिंत बांधली होती. त्या सभेत मीही हात वर केला होता. भिंतीमुळे आपल्याकडे पाणी येणार नाही, एवढाच विचार आम्ही केला. ते पाणी मग समोरच्या काठावर किंवा खालच्या वस्तीत जाईल, हा विचार मोजणीचे काम केलेल्या माणसाच्याही मनात आला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. शहरभर ओढ्यांच्या काठी अशाच भिंती एकेकट्याने उभ्या राहिल्या आहेत. प्रत्येक भिंतीमागचा हेतू स्वसंरक्षणाचा आहे, पण सर्व मिळून त्यांनी ओढ्याचे अरुंद गटार केले आहे.

पुण्याचा पूर असे आपण सरसकट म्हणतो, परंतु या शहराला येणारे पूर तीन प्रकारचे आहेत आणि त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. पहिला ओढ्याचा, जसा २०१९ चा. डोंगरउतारावर तासाभरात जोराचा पाऊस झाला की छोट्या पाणलोटाचे पाणी अर्ध्या-पाऊण तासात खाली येते. सूचना देऊन लोकांना हलवायला वेळच मिळत नाही. दुसरा नदीचा, जसा २५ जुलै २०२४ चा. त्या पहाटे खडकवासला धरणातून मुठेत ३५ हजार क्युसेकपर्यंत (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) विसर्ग वाढवला गेला, खालच्या मुक्त पाणलोटातील, म्हणजे कोणत्याही धरणात न अडणाऱ्या पावसाचे पाणी त्यात मिळाले, आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी, निंबजनगर, विठ्ठलवाडी या भागांत लोक झोपेतून उठले ते घरातल्या पाण्यात. डेक्कनजवळ पुलाची वाडी येथे विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. तिसरा रस्त्यांचा, जसा १७ ऑक्टोबर २०२२ च्या रात्रीचा, जेव्हा शिवाजीनगर येथे शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि जिथे ना नदी ना ओढा अशा पेठांतील रस्त्यांवरूनही दुचाकी वाहून गेल्या. यांतील तिसरा पूर पावसाळी वाहिन्या, चेंबर आणि जाळ्या यांच्या दुरुस्तीने बराच आटोक्यात येऊ शकतो, आणि आपली सारी चर्चा तेवढ्यापुरतीच चालते. पहिले दोन पूर मात्र जागेचे आहेत. नदीला आणि ओढ्याला लागणारी जागा एकदा बांधकामाखाली गेली की कितीही नालेसफाई केली तरी ती परत मिळत नाही. ती राखण्याचे काम विकास आराखड्याचे आहे.

या ठिकाणी मला आंबील ओढ्याच्याच उगमाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. कात्रज घाटाच्या पायथ्याशी भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही गावे आहेत. ओढ्याला येणारे वरचे पाणी याच डोंगरांचे आणि वाड्यांचे. २०१९ मध्ये ही गावे महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. म्हणजे पाणी ज्या जमिनीवरून येत होते तिचे नियोजन एका यंत्रणेकडे, आणि ते ज्या घरांत शिरले त्यांची जबाबदारी दुसऱ्या यंत्रणेकडे. जून २०२१ मध्ये २३ गावे शहरात आली, त्यांत या तीन वाड्याही आल्या. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावे आली होती. २०२१ च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र पाचशे चौरस किलोमीटरांच्या पुढे गेले आणि राज्यातील कोणत्याही महापालिकेपेक्षा ते मोठे झाले; पुढे त्या ११ गावांपैकी दोन वेगळी झाली. उगमापासून संगमापर्यंतचा ओढा एका नियोजनाखाली आणण्याची संधी या हद्दवाढीने प्रथमच दिली आहे. या गावांसाठी विकास आराखडा जी कोणती यंत्रणा करील, तिने आंबील ओढ्याचे संपूर्ण पाणलोट क्षेत्र हा एकच घटक मानून सुरुवात करावी. रामनदी, भैरोबा नाला, देवनदी यांचेही तसेच. प्रभागांच्या सीमा माणसांनी आखल्या आहेत आणि पाणी त्या ओळखत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली शहरी पुरासंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही पावसाळी निचऱ्याची आखणी पाणलोटनिहाय करण्यास सांगितले आहे.

हे का आवश्यक आहे, हे समजण्यासाठी फार मोठ्या गणिताची गरज नाही. एका गुंठ्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे पाच हजार लिटर पाणी होते. एका एकराचे दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. दहा एकरांच्या गृहप्रकल्पावर असा पाऊस तासाभरात झाला तर दोनशे टँकर पाणी त्या आवारात ओतल्यासारखे होते. ती जमीन पूर्वी गवताची, बांधबंदिस्तीची असताना त्यातले बरेच पाणी बांधांआड थांबत असे, काही मुरत असे आणि उरलेले हळूहळू ओढ्याकडे निघत असे. आता स्लॅब, डांबर आणि पेव्हर ब्लॉकवरून दहातले नऊ भाग पाणी लगेच निघते, आणि तेही पाइपातून, म्हणजे पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने. ओढ्याचे पात्र तेवढेच आहे, किंबहुना कमी झाले आहे. वरच्या अंगाला असे पन्नास प्रकल्प झाले की खालच्या वस्तीत काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

आता यावर उपाय म्हणून पर्जन्यजल संधारणाचा उल्लेख नेहमी होतो. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना ते बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. परंतु पुणे काळ्या पाषाणावर वसले आहे. बेसॉल्टच्या थरांत जिथे भेगा किंवा झिजलेला मुरूम आहे तिथेच पाणी झपाट्याने मुरते. अन्यत्र शोषखड्डा अर्ध्या तासात भरतो आणि पुढचे सर्व पाणी रस्त्यावर येते. भूजलासाठी मुरवणे आणि पुरासाठी अडवून ठेवणे ही दोन कामे वेगळी आहेत. पुरासाठी हवी ती पाणी काही तास धरून ठेवणारी जागा. वर सांगितलेल्या दहा एकरांच्या प्रकल्पात केवळ बारा गुंठे जागा आजूबाजूच्या पातळीपेक्षा दीड मीटर खोल ठेवली, तर तीत सुमारे अठरा लाख लिटर पाणी मावते, म्हणजे त्या पावसातून वाहून जाणारे जवळजवळ सर्व पाणी. मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी ठेवण्याचा नियम आधीपासून आहे. दहा एकरांत ती चाळीस गुंठे होते. त्यातील बारा गुंठ्यांचे मैदान खोलगट करावे, पाऊस ओसरल्यावर ते लहान तोंडाच्या पाइपाने सावकाश रिकामे होईल अशी रचना करावी आणि वर्षातील उरलेले दिवस मुलांनी तिथे खेळावे. यासाठी चटईक्षेत्रातील एक चौरस फूटही कमी होत नाही. रॉटरडॅम शहराने २०१३ मध्ये असे खोलगट चौक प्रत्यक्ष बांधले आहेत. आपल्याकडे बांधकाम परवानगीच्या वेळी एकच अट घालावी लागेल : बांधकामापूर्वी त्या जमिनीवरून जितक्या वेगाने पाणी बाहेर जात होते, त्याहून अधिक वेगाने ते बांधकामानंतर जाता कामा नये. ही अट पूर्ण झाली की नाही, हे भोगवटा प्रमाणपत्र देताना जागेवर मोजता येते.

परवानगीच्या आधीचा टप्पा मोजणीचा आहे आणि त्याविषयी मला अधिकाराने बोलता येईल. प्रत्येक गावाचा जुना गावनकाशा उपलब्ध आहे. त्यावर ओढे, नाले, पाझर, बांध काढलेले आहेत. ज्यांनी ते नकाशे काढले त्यांनी साखळी घेऊन प्रत्येक शिवार पायी तुडवले होते. माझ्या नोकरीच्या काळात शहराच्या पूर्वेकडील एका गावात मी एका मोजणीला गेलो होतो. नकाशात ओढा दोन साखळ्या, म्हणजे ६६ फूट रुंद होता. जागेवर मी गेलो तेव्हा तिथे सपाट केलेला भूखंड होता, राडारोड्याचा भराव होता आणि त्याखालून टाकलेल्या तीन फुटी पाइपाचे तोंड एका कोपऱ्यात दिसत होते. मी अहवालात ओढ्याची मूळ हद्द लाल शाईने दाखवली. पुढे काय झाले हे मला कळले नाही. आज तिथे इमारत आहे. असे ओढे कागदावर पोटखराबा म्हणून नोंदलेले असतात. त्या शब्दातच आपली चूक दडलेली आहे. पिकाखाली न येणारी जमीन ती खराब, असा महसुलाचा हिशेब होता, आणि तोच हिशेब शहर वसवताना आपण पुढे चालवला. ज्या जमिनीतून सगळ्या शिवाराचे पाणी सुखरूप निघून जाते, ती जमीन खराब कशी?

म्हणून माझी पहिली मागणी अशी की, नव्या गावांत रस्त्यांची, आरक्षणांची आणि निवासी विभागांची आखणी होण्यापूर्वी प्रत्येक ओढ्याची गावनकाशानुसार मोजणी व्हावी, आजच्या उपग्रह चित्रांशी आणि जमिनीच्या उंचसखलपणाच्या सर्वेक्षणाशी ती ताडून पाहावी, आणि ओढ्याची हद्द दगड रोवून जागेवर निश्चित करावी. ओढ्याच्या दोन्ही काठांना हिरवा पट्टा विकास आराखड्यातच आरक्षित करावा. त्यातून पायवाट जाऊ शकते, झाडे लावता येतात, सायकलींचा मार्ग होऊ शकतो. वर्षातून चार-सहा दिवस तिथे पाणी येईल आणि जाईल. आराखड्यात आधी रस्ते आखायचे आणि नंतर ओढा त्यांच्या कडेने काटकोनात वळवायचा, हा क्रम बंद झाला पाहिजे. वाहते पाणी काटकोनात वळत नाही, ते वळणावर भिंत फोडते. अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पुण्याच्या हौदांपर्यंत पाणी आणले गेले, त्यासाठी कोठेही पंप नव्हता, केवळ जमिनीचा उतार वाचण्याचे कसब होते. आंबील ओढ्याचा प्रवाहही त्याच पेशवेकाळात बदलण्यात आला. प्रवाह बदलूच नये असे माझे म्हणणे नाही. उतार न वाचता तो बदलू नये, एवढेच आहे.

मोऱ्या आणि पूल यांच्याबद्दल थोडक्यात. ओढ्यावर एकाच मार्गात दहा कल्व्हर्ट असतील आणि त्यांतील एक अरुंद असेल, तर बाकीचे नऊ रुंद करून उपयोग नाही. तो एक कल्व्हर्ट धरणाचे काम करतो. त्यातून जाणाऱ्या जलवाहिन्या, ड्रेनेज लाइन आणि केबल यांच्यात फांद्या, गाद्या, प्लॅस्टिक अडकते आणि तासाभरात तो बंद होतो. कल्व्हर्ट रुंद करण्याची कामे खालून वर, म्हणजे संगमाकडून उगमाकडे केली पाहिजेत, नाहीतर वरचे पाणी लवकर खाली आणून आपण खालच्यांना अधिक संकटात टाकतो. रस्त्यांवर जुना थर न खरवडता नवे थर टाकल्यामुळे घरांचे जोते रस्त्याखाली गेले आहेत, हाही पुराला हातभारच आहे, आणि त्यासाठी निविदेत एक ओळ घालणे पुरेसे आहे.

टेकड्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. १९९७ मध्ये शहरात आलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर साडेनऊशे हेक्टरांहून अधिक जमीन जैवविविधता उद्यान म्हणून आरक्षित आहे. त्या आरक्षणावर बांधकामाला काही टक्के परवानगी द्यावी, अशी मागणी वारंवार पुढे येते. जमीनमालकांना मोबदला मिळाला पाहिजे यात शंका नाही. वर्षानुवर्षे आरक्षण टाकून ठेवायचे आणि पैसे द्यायचे नाहीत, हा त्यांच्यावर अन्याय आहे. परंतु टेकडीवरचा मातीचा थर पातळ असतो. त्यावरचे गवत आणि झुडपे काढून तिथे रस्ता कापला की पहिल्या पावसात मुरूम आणि माती ओढ्यात येते, पात्र उथळ होते आणि त्याच पावसाला पूर्वीपेक्षा उंच पूर येतो. दर उन्हाळ्यात ओढ्यांतून काढला जाणारा गाळ कुठून येतो, हे पाहायचे असेल तर नाल्यात न उतरता टेकडीकडे पाहावे. मोबदल्यावर होणारा खर्च हा पूरनियंत्रणाचाच खर्च आहे असे मानून त्याची तरतूद झाली, तर दोन्ही प्रश्न एकत्र सुटू शकतात. कात्रज, पाषाण आणि जांभूळवाडीचे तलाव यांच्याकडेही याच दृष्टीने पाहायला हवे. तलाव काठोकाठ भरलेला सुंदर दिसतो, पण पावसाळ्यात त्याची पातळी थोडी खाली राखली तरच तो पुराचे पाणी पोटात घेऊ शकतो.

आता नदीविषयी. पूररेषा या विषयावर आपल्याकडे बरेच अज्ञान आहे, सुशिक्षितांतही. निळी पूररेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र बांधकामास निषिद्ध आणि दोन्ही रेषांमधील क्षेत्र नियंत्रित. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर आला की पुढची चोवीस वर्षे निश्चिंत, असा घेतला जातो. तो चुकीचा आहे. दर वर्षी पंचवीसात एक इतकी शक्यता नव्याने असते आणि दोन वर्षे लागोपाठही तो येऊ शकतो. मुठेसाठी निळी रेषा ६० हजार आणि लाल रेषा एक लाख क्युसेक प्रवाहाला धरून आखलेली असल्याचे पुण्यात सर्वश्रुत आहे. मग जुलै २०२४ मध्ये धरणातून ३५ हजार क्युसेक सोडले असता इतकी घरे पाण्याखाली कशी गेली? काही घरे निळ्या रेषेच्या आतच उभी राहिली असतील, हे उत्तराचा एक भाग आहे. धरणाखालच्या मुक्त पाणलोटातून येणारे पाणी विसर्गाच्या आकड्यात धरले जात नाही, हा दुसरा. आणि तिसरा, माझ्या मते सर्वांत चिंताजनक, हा की पात्रातच भराव पडून त्याचा आकार बदलला आहे. पूररेषा ही नदीपात्राच्या एका विशिष्ट छेदावर काढलेली असते. पात्र अरुंद आणि उथळ झाले की तेवढेच पाणी अधिक उंच चढते आणि कागदावरची रेषा निरुपयोगी होते. त्यामुळे दर काही वर्षांनी नदीचे छेद पुन्हा मोजून, मुक्त पाणलोट आणि बदललेला पाऊस हिशेबात घेऊन, रेषा नव्याने आखायला हव्यात, आणि तोपर्यंत जुन्यांपैकी अधिक सुरक्षित असेल ती पाळायला हवी. शहरात ४४ किलोमीटर लांबीचा नदीकाठ विकसन प्रकल्प राबवला जात आहे. त्याबद्दल पर्यावरणप्रेमींनी घेतलेले आक्षेप आणि प्रशासनाचा खुलासा या दोहोंच्या तपशिलात मी जात नाही. परंतु बंधारे आणि भराव झाल्यावर ६० हजार क्युसेकला पाणी कोणत्या पुलाशी किती उंचीला असेल, हा साधा तक्ता प्रत्येक प्रभागात लोकांपुढे लावला जावा, अशी अपेक्षा चुकीची नाही.

खडकवासल्याच्या विसर्गाबाबत एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. हे धरण अवघे दोन टीएमसीचे (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्याच्या वरची पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून सत्तावीस टीएमसीची. खडकवासला भरलेले असताना घाटात मोठा पाऊस झाला तर ते पाणी थोपवू शकत नाही. आले तसे सोडावे लागते. म्हणून हवामान खात्याचा इशारा मिळताच आधीच थोडे थोडे पाणी सोडून धरणात जागा करणे, आणि वरच्या धरणांत ऑगस्टअखेरपर्यंत पुरासाठी राखीव जागा ठेवणे, हेच हाती आहे. यात पाटबंधारे खात्यापुढे खरी अडचण आहे, कारण जागा ठेवली आणि पुढे पाऊस झाला नाही तर शहर आणि दौंड-इंदापूरची शेती यांचे पाणी कमी पडते. ही जोखीम अधिकाऱ्यांच्या एकट्याच्या डोक्यावर न टाकता शासनाने लेखी धोरण ठरवून स्वतःकडे घ्यावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा या शहराने काय सोसले, ते पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. विसर्गाची सूचनाही लोकांना उमजेल अशी हवी. ‘३५ हजार क्युसेक’ या शब्दांचा अर्थ सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर असा होतो, हे किती जणांना माहीत असेल? भिडे पूल पाण्याखाली गेला की पुणेकरांना नदी वाढल्याचे कळते, कारण ती खूण डोळ्यांना दिसते. तशाच खुणा प्रत्येक नदीकाठच्या गल्लीत विजेच्या खांबांवर रंगवाव्यात : इतका विसर्ग झाला की पाणी इथवर येते, आणि तुमच्याकडे इतके तास आहेत.

पावसाच्या मोजणीविषयीही हेच. शिवाजीनगरच्या वेधशाळेत पडलेला पाऊस आणि कात्रज घाटातला पाऊस यांत त्याच संध्याकाळी मोठा फरक असतो. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दर चार चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक सुचवला आहे. या हिशेबाने पुण्याला सुमारे सव्वाशे लागतील. दर पंधरा मिनिटांची नोंद आणि ओढ्यांच्या पुलांवर पातळीमापक असतील, तर कात्रजला पाणी चढल्यापासून अरण्येश्वरला भोंगा वाजेपर्यंत वीस मिनिटे तरी मिळतील. त्या रात्री आम्हाला वीस मिनिटे मिळाली असती तर काही माणसे नक्की वाचली असती.

एक विषय मला अस्वस्थ करतो. ओढ्यातील अतिक्रमणे काढायची म्हटले की पहिला बुलडोझर झोपडीवर जातो. ओढ्याकाठची कुटुंबे तिथे हौसेने राहायला गेलेली नाहीत; कामाच्या ठिकाणाजवळ परवडणारे घर या शहराने त्यांच्यासाठी ठेवलेच नाही. त्यांना हलवणे त्यांच्याच जीवासाठी आवश्यक आहे, परंतु ते पुनर्वसन त्याच भागात, मुलांच्या शाळा आणि बायकांची घरकामे सुटणार नाहीत इतक्या अंतरावर आणि पावसाळ्यापूर्वी घराची किल्ली हातात देऊन झाले पाहिजे. आणि त्याच मोजपट्टीने सोसायट्यांच्या भिंती, मंगल कार्यालयांचे वाहनतळ आणि भरावावरचे बंगले मोजले जावेत. आमच्या भिंतीपासून सुरुवात झाली तर माझी हरकत नाही; गेल्या वार्षिक सभेत मी तसा लेखी ठराव मांडला आहे आणि काही सभासदांचा त्याला पाठिंबाही मिळाला आहे.

नगरनियोजनाने पूर आवरता येतो, याचे आपल्या ओळखीचे उदाहरण आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ मध्ये स्वयंचलित दरवाजे बसवले. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, तेव्हा निजामाच्या सरकारने त्यांनाच बोलावले. शहरात भिंती उंच करण्यावर न थांबता ते नदीच्या वरच्या अंगाला गेले, पाणी कुठून येते हे पाहिले आणि तिथे पूर अडवणारी धरणे सुचवली. त्यातून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये उभे राहिले. पुण्यात तेवढी मोठी धरणे आता बांधायची नाहीत. भिलारेवाडीपासून संगमापर्यंत शेकडो लहान जागा राखायच्या आहेत, आणि त्यांतील बऱ्याच आज तरी मोकळ्या आहेत.

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या मुदतीत बहुतेक लोक आपल्या घरावरून रस्ता जातो का, एवढेच पाहतात, कारण ओढे आणि पूररेषा त्या नकाशात शोधूनही सापडत नाहीत. नव्या गावांचा आराखडा जेव्हा प्रसिद्ध होईल, तेव्हा आपण रोज एका ओढ्याचा पाणलोट नकाशा छापावा : जुन्या गावनकाशातील त्याची रुंदी, आजची रुंदी, आराखड्यात दाखवलेली रुंदी, काठावरच्या वस्त्यांची नावे. गावनकाशे वाचून त्यांवरील मापे आजच्या नकाशावर उतरवण्याचे काम मी विनामूल्य करून देईन. माझ्यासारखे निवृत्त भूमापक या शहरात आणखीही आहेत, त्यांनाही मी विचारले आहे. सुरुवात आंबील ओढ्यापासून करता येईल. त्याच्या वरच्या तीन वाड्यांचे गावनकाशे मी उतरवून ठेवले आहेत.

आपला विश्वासू,
अरण्येश्वर परिसरातील एक निवृत्त भूमापक, पुणे